कोपऱ्यावरची भिंत

ओल्या सिमेंटचा वास आला की मला आजही ती दुपार आठवते. सोलापुरातलं आमचं घर अगदी कोपऱ्यावर होतं. शेजारी चोरी झाली तेव्हा वडिलांनी कंपाउंडची भिंत डोक्याच्या वर नेली आणि तिच्यावर बाटल्यांच्या काचा रोवल्या. महापालिकेचा माणूस येऊन म्हणाला, "कोपऱ्याला एवढी उंच भिंत नियमात बसत न्हाय. वळणाऱ्या गाडीवाल्याला पलीकडचं दिसायला पायजे की." वडील उसळले, "मग चोरांनापण नियम सांगा की!" दुसऱ्याच दुपारी धाकटी बहीण सायकल घेऊन फाटकाबाहेर पडली, आणि पाण्याच्या टँकरचा हॉर्न, करकचून दाबलेला ब्रेक आणि पत्रा घासल्याचा आवाज आला. मग सगळं गप्प. भिंतीमुळे आम्हाला काहीच दिसेना. आई हाका मारत सुटली. वडिलांना फाटक सुचलंच नाही; त्यांनी झेप घेऊन भिंतीचा माथाच दोन्ही हातांनी धरला. तेवढ्यात बहीण फाटकात आली, पांढरीफटक, चेपलेली सायकल ओढत. काचांनी फाटलेल्या वडिलांच्या तळहातांचं रक्त कोपरांवरून ओघळत होतं. आज माझ्या कोपऱ्यावरच्या प्लॉटवर गवंड्याने विचारलं, "भिंत किती वर न्यायची?" मी बोलायच्या आधीच म्हातारे वडील खुर्चीतून उठले आणि व्रणांनी भरलेला तळहात कमरेपाशी आडवा धरून उभे राहिले.