सुस्वागतम् सोडून दुसरा शब्द

लंकाबाईंना लिहिता येणारा शब्द एकच, सुस्वागतम्. अक्षरओळख म्हणाल तर शून्य. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू तोडता तोडता शाळा राहून गेली ती गेलीच. पण कधीतरी कुणीतरी हा शब्द कागदावर लिहून दिला आणि मोर, कमळ काढावं तसा त्यांनी तो बोटांत बसवला. सकाळी फुलबाजारात फुलं विकायची आणि कुठे पाहुणे येणार असले की दारात रांगोळी घालायची, असं वीस वर्षं चाललं होतं. वॉर्ड ऑफिसात मोठा साहेब यायचा झाला की त्यांना निरोप जायचाच.

या एका शब्दानं शहाण्णव साली त्यांची फजिती केली. धोंडीराम शिपायानं निरोप दिला, "उद्या हॉलात सभा हाय." लंकाबाई नेहमीसारख्या पहाटे गेल्या, दारात झोकात सुस्वागतम् काढून आल्या. सभा होती शोकसभा. फळ्यावर तसं ठळक लिहिलंही होतं, पण वाचणार कोण? हेडक्लार्क यज्ञेश्वर भर ऑफिसात म्हणाले, "बाई, मेलेल्या माणसाचं स्वागत करताय होय?" सगळे खो खो हसले. त्या दिवसापासून यज्ञेश्वर येईल त्याला सांगत, "आमच्या बाईंना एकच शब्द येतो." लंकाबाईंना ते फार लागलं. लागणारच. वीस वर्षं ज्या दारात गुडघे टेकले, त्याच दारात हसं झालं होतं.

त्या राहत ती डांगरमळा वस्ती ऑफिसच्या मागेच होती. तिथल्या मारुतीच्या पारावर दर रविवारी त्या पोरींना रांगोळी शिकवायला लागल्या. का, तर पोरींना अक्षरं येत होती आणि यांना रेघ. पहिल्या रविवारी चिमूट कशी धरायची ते दाखवलं आणि लगेच मुद्द्यावर आल्या.

"रांगोळी तुडवायला माणूस कचरतो. पाय उचलतो अन् थांबतो. त्या थांबण्यात त्याला वाचायला लावायचं. नुसता मोर काढून काय उपेग?"

पहिला प्रयोग झाला वस्तीतल्या उघड्या गटारीवर. झाकण नव्हतं, तीनदा अर्ज दिले होते. पोरींनी गटारीभोवती भलंमोठं फूल काढलं आणि पाकळ्यांत लिहिलं, 'झाकण कधी बसवताय?' पेपरात फोटो आला आणि चार दिवसांत झाकण बसलं. दहावीतली रूपाली तर हवेतच होती. लंकाबाईंनी तिला खाली आणलं. "वेलांटी वाकडी गेली तुझी. आधी ती सरळ कर, मग नाच."

पुढच्या पाच वर्षांत पारावरच्या पोरी बदलत गेल्या, रूपाली आणि शिकवण तेवढी तीच राहिली.

दोन हजार एकच्या मे महिन्यात वस्तीचा नळ आटला. एक दिवस, दोन दिवस, करता करता एकवीस दिवस झाले. टँकर मागायला गेलं की ऑफिसातून ठरलेलं उत्तर, गाडी नादुरुस्त आहे. बायका दीड मैलावरून पाणी आणत होत्या आणि याच दिवसांत ऑफिसच्या नव्या इमारतीचं उद्घाटन ठरलं. मुंबईहून मोठे साहेब येणार होते. रांगोळीचा निरोप अर्थातच लंकाबाईंना आला.

साहेबांनी वाचलं तर पाणी. वाचण्याआधी कुणी पुसलं, तर कोण जाणे आणखी किती दिवस. पोरींना लंकाबाईंनी एवढंच सांगितलं.

सकाळी सातला त्या आठ पोरी घेऊन पोचल्या. यज्ञेश्वर घाईत होते. "नेहमीचंच काढा," म्हणाले आणि मांडव बघायला निघून गेले. पाहत बसायची त्यांना गरजच वाटली नाही. बाईंना एकच शब्द येतो, ही खात्री त्यांची स्वतःचीच होती ना!

पोरींनी दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेरू फासला. लंकाबाईंनी वर सुस्वागतम् काढलं, अगदी सुबक. खाली मोराऐवजी कोरडा नळ आणि रिकाम्या हंड्यांची रांग. त्याखाली रूपालीनं खडूनं अक्षरं आखली आणि सगळ्यांनी ती भरली, 'डांगरमळ्यात एकवीस दिवस पाणी नाही.'

साडेनऊला यज्ञेश्वर आले. वाचलं आणि चेहरा पांढरा पडला.

"हे आत्ताच्या आत्ता पुसा!"

"मी काढते, पुसत नाय," लंकाबाई म्हणाल्या. "अन् उद्घाटनाच्या दिवशी दारातली रांगोळी पुसता? कुणाचं सुतक हाय का?"

यज्ञेश्वर भटजींच्या घरातले. सुतक म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप जानव्याकडे गेला. त्यांनी धोंडीरामला झाडू आणायला सांगितलं. धोंडीरामनं झाडू आणला, रांगोळीच्या कडेला वहाणा काढल्या आणि तसाच उभा राहिला. "साहेब, माझ्याच्यानं नाय व्हायचं."

पुसणं जमेना तेव्हा यज्ञेश्वरांना धुण्याची कल्पना सुचली. त्यांनी आत जाऊन फोन फिरवला आणि पंधरा मिनिटांत टँकर दारात! एकवीस दिवस नादुरुस्त असलेली गाडी सुरळीत चालत आली. लंकाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

"दिशे, पळ! वस्तीत सांग, टँकर आला." आठांतल्या सगळ्यांत धाकट्या पोरीला त्यांनी पिटाळलं.

डांगरमळा हाकेच्या अंतरावर. ड्रायव्हर पाइप सोडवतो तोवर पन्नास बायका हंडे, कळशा, बादल्या घेऊन हजर. पाइपाचं तोंड पहिल्या हंड्यात गेलं.

"अहो, रांगोळी धुवायची आहे!" यज्ञेश्वर ओरडले.

"धुवा की," वस्तीतल्या लताबाई म्हणाल्या. त्यांचाच हंडा पहिला होता. "आमचं भरून झालं की धुवा."

तेवढ्यात साहेबांची गाडी लागली. साहेब पायऱ्या चढले, बूट उचलला आणि तो तसाच मागे घेतला. थांबले. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

"पाणी नाही म्हणता, मग हा टँकर कशासाठी आलाय?"

उत्तर दिलं धोंडीरामनं, अनवाणी, हातात झाडू घेऊन. "रांगोळी धुवायला, साहेब."

आता हसायची पाळी बायकांची होती आणि त्या पोटभर हसल्या.

संध्याकाळी नळाला पाणी आलं. दुसऱ्या दिवशी यज्ञेश्वरांचा निरोपही आला, यापुढे ऑफिसच्या दारात पाऊल टाकायचं नाही. लंकाबाईंना वाईट वाटलं नाही असं नाही. पंचवीस वर्षांचा राबता होता तो. पण रविवारी त्या वेळेवर पारावर आल्या, रांगोळीचा डबा रूपालीपुढे सरकवला आणि म्हणाल्या, "आज तू शिकव. सुस्वागतम् लय झालं. दुसरा शब्द पायजे मला."

"कोणता, मावशी? पाणी?"

"पाणी आलं की आता," लंकाबाई म्हणाल्या आणि चिमूट भरून घेतली. "'नाही' शिकव."