देवरे मॅडमची आमसभा

प्रा. शालिनीताई देवरे, म्हणजे आमच्या देवरे मॅडम, यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बी.ए.च्या वर्गात. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतून येणारी मी मागच्या बाकावर बसले होते. मॅडमनी विचारलं, "भारताने पॅलेस्टाईनला मान्यता दिली आहे. म्हणजे नेमकं काय दिलं?"

मी भीतभीत म्हणाले, "विद्यापीठ कॉलेजला देतं, तशी?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "छान! पण कॉलेज तर आधीपासून भरत असतं. मग मान्यतेपूर्वी ते काय असतं?"

त्याचं उत्तर शोधत मी राज्यशास्त्राची प्राध्यापक झाले. ते अजून पुरतं सापडलेलं नाही.

निवृत्तीनंतर मॅडमनी इंदिरानगरला अभ्यासमंडळ सुरू केलं; मीही तिथे मदतीला जाऊ लागले. ब्रिटन, फ्रान्स अशा देशांनी पॅलेस्टाईनला मान्यता जाहीर केली, त्या सुमारास त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या धर्तीवर विद्यार्थ्यांची आमसभा आणि सुरक्षा परिषद भरवायचं ठरवलं. हरसूलच्या ओंकारला इस्रायलचं भारी कौतुक. मॅडमनी त्याला पॅलेस्टाईन दिलं. मालेगावच्या विणकर घरातली नाझनीन पॅलेस्टाईनसाठी हळहळणारी. तिला अमेरिका दिली, नकाराधिकारासकट.

"मॅडम, मी नाही बोलणार," नाझनीन म्हणाली. "अब्बूंना काय सांगू?"

"तुझं मत बदल असं मी म्हणत नाही. ते लोक 'नाही' का म्हणतात, एवढंच समजून घे. न समजता दिलेल्या उत्तराला वजन नसतं."

ओंकार आठवड्याने वैतागून आला. "मॅडम, यांची सीमा कुठली, तेच कोणी धड सांगत नाय. दोन गटांत यांची सत्ता वाटलेली. शेजारचे अरब देश पाठिंबा देतात, पण ज्याचा त्याचा हिशेब निराळा हाय. मी बोलू काय?"

"हेच बोल," मॅडम म्हणाल्या.

मग फोन सुरू झाले. एकाला पॅलेस्टाईनचं नावच नको होतं, दुसऱ्याला इस्रायलची बाजू मांडलेली खपत नव्हती. ज्यांचं सभागृह ठरवलं होतं, त्यांनी घाबरून नकार कळवला. मी मॅडमना म्हणाले, "सध्या थांबूया." त्यांनी मात्र दोन्ही फोनवाल्यांना निमंत्रण दिलं आणि आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. फोनवाल्यांपैकी एक गृहस्थ खरंच आले, शेवटपर्यंत बसले.

ओंकार सुरेख बोलला. जमिनीपासून तुटलेल्या माणसांबद्दल बोलताना त्याने हातातला कागद बाजूला ठेवला. पॅलेस्टाईनला पूर्ण सदस्यत्व द्यावं, या ठरावाच्या बाजूने हातांमागून हात वर गेले. नाझनीन उठली. ओलिसांच्या घरच्यांविषयी, इस्रायलच्या सुरक्षेविषयी ती बोलली. वाटाघाटींशिवाय दिलेलं राज्य टिकेल का, असं तिने विचारलं. मग नकाराधिकार वापरून एकटीने विरोधात हात वर केला. ठराव पडला. ती मात्र जिन्यापाशी जाऊन रडली.

मॅडम रविवारी तिच्याबरोबर मालेगावला गेल्या. मीही सोबत होते. यंत्रमागाच्या खडखडाटात नाझनीनचे वडील आधी तुटलेले धागे जोडत राहिले. शेवटी म्हणाले, "मॅडम, इसने अच्छा बोला क्या?"

"इतकं चांगलं, की मलाच उत्तर सुचेना."

ते प्रथमच हसले. "तो जवाब भी इसीसे दिलवाओ."

पुढच्या बैठकीत नाझनीननेच पॅलेस्टाईनची बाजू मांडली. नकाराधिकारामागची प्रत्येक शंका तिने आधी मान देऊन सांगितली, मग एकेक खोडून काढली. ओंकार आता अमेरिकेच्या खुर्चीत होता. "हिला नाही म्हणणं लय अवघड हाय," म्हणत त्याने विरोधात हात वर करायला बराच वेळ घेतला.

परवा मॅडमनी मला विचारलं, "हा प्रश्न सुटलेला मला बघायला मिळेल का गं?" मी विषय बदलला. म्हणून आज, त्यांच्या पंचाहत्तरीला, आम्हा सर्वांच्या वतीने इथे सांगते: मॅडम, त्या भूमीवर दोन्हीकडची मुलं निर्धास्तपणे शाळेत जातील, तो दिवस तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, इतकं दीर्घ आणि निरोगी आयुष्य तुम्हाला लाभो. आणि तो दिवस लवकर यावा, म्हणजे त्यानंतरची बरीच वर्षं तुम्ही आमच्यात असाल.