मैना थांबली होती

दादा गेल्याची बातमी मी ऐकली नाही, पाहिली. दुपारची वेळ होती. कामतघरच्या यंत्रमागाच्या कारखान्यात मी नेहमीसारखी सुताची कांडी भरायला बसले होते आणि समोर सगळे लूम चालू होते. दारात माझी मुलगी वैशाली येऊन उभी राहिली. ती ओरडून काहीतरी सांगत होती, पण लूमच्या खडखडाटात माणसाचा आवाज दोन हातांवरही पोचत नाही. मी तिच्या ओठांकडे पाहिलं. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, उघडले... मामा. पुढचा शब्द मी वाचलाच नाही. सकाळी दवाखान्यातून निघताना दादाची छाती कशी वरखाली होत होती ते मी पाहून आले होते. तरी हातातली कांडी पूर्ण भरेपर्यंत मी मशीन बंद केलं नाही. असं का केलं ते मला सांगता येणार नाही.

आता महिना उलटून गेला. लोक भेटायला आले, खाली मान घालून बसले, चहा घेऊन गेले. उठताना बहुतेकांनी तेच म्हटलं, "दामू माणूस चांगला हो. फक्त ते पिण्याचं नसतं तर..." मी मान हलवली. मी कमी बोलते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे माझ्या गप्प बसण्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण माझा दादा आयुष्यात कधी प्यायला नव्हता. एवढंच मला लिहायचं आहे, आणि ते लिहायचं तर बाकीचं सगळं सांगावं लागेल.

लूमवर काम करणाऱ्या माणसांचं एक बोलणं असतं. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे. बाबा निजामपुऱ्यात लूम चालवायचे, आई तिथेच कांडी भरायची आणि आम्ही दोघं भावंडं कारखान्याच्या दाराशी खेळत वाढलो. हे बोलणं आम्हाला शाळेच्या आधी आलं. ओठ मिटणारे शब्द लांबूनही कळतात. पाणी, भाकर, मार. बाकीचे अंदाजाने घ्यावे लागतात. माझं नाव तारा, ते ओठांवर दिसतच नाही. म्हणून दादा मला बाय म्हणायला लागला आणि तेच राहिलं. मला मोठ्याने बोलायची भीती वाटायची. वर्गात बाईंनी उभं केलं की घशातून आवाज निघायचा नाही. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं. संध्याकाळी दादा पलीकडच्या भिंतीला टेकून बसायचा आणि ओठांनीच विचारायचा, "बोल बाय, काय झालं आज?" मग मी इतकं बोलायचे की आई म्हणायची, "बघा, मुकीची टकळी सुरू झाली."

दादाने लूम धरावा अशी बाबांची इच्छा होती. पण त्याच्या डोक्यात घोडे शिरले होते. निजामपुऱ्यात इस्माईलचाचांचा तबेला होता, तिथल्या घोड्या लग्नाच्या वरातींना जायच्या. दादा कामावर जातो म्हणून निघायचा आणि तिथे लीद काढत असायचा. बाबा चिडायचे, "घोड्याच्या मागं उभं राहून काय मिळनार हाय तुला? लाथ?" दादा म्हणाला, "लूमच्या पुढं उभं राहून तुम्हाला काय मिळालं? तीच ना." त्या दिवशी बाबा हसले, आणि मग त्यांनी नाद सोडला. पुढे काही वर्षं दादा मुंबईला रेसच्या घोड्यांवर सईस होता. जॉकी व्हायला गेला होता, पण उंची वाढत गेली आणि घोड्यावर बसायच्या ऐवजी घोडा धरून चालायचं काम नशिबी आलं. परत आला तो चाचांच्या तबेल्यातच. लग्न केलं नाही. किती नवरे घोडीवर बसवलेस, तू कधी बसणार, असं कुणी म्हटलं की म्हणायचा, "मी बसलो तर घोडी कोण धरील?"

वरातीची घोडी नाचायला शिकवणं हे त्याचं काम. पुढचे पाय आलटून पालटून उचलायचे, जागेवर ठेका धरायचा, मग मागच्या पायांवर उभं राहायचं. पुष्कळ जण पाय बांधून, मारून हे शिकवतात. मैना नावाची पांढरी घोडी चाचांनी आणली तेव्हा दादाने तिला आधी थांबायला शिकवलं. एक ताशेवाला पकडून आणला होता. ताशा बंद झाला की मैनाने थांबायचं, थांबली की गुळाचा खडा. ताशेवाला वैतागून म्हणाला, "दामूभाऊ, हिला नाचवायचं का झोपवायचं?" दादा म्हणाला, "गर्दीत पोरं पायाखाली येतात रे. जिला थांबता येत न्हाय ती घोडी मी वरातीत नेनार न्हाय." मैना शिकली. त्यानंतर बाजा थांबला आणि मैना थांबली नाही, असं कधी झालं नाही.

बँड गेले, डीजे आले. गाडीवर माणसापेक्षा उंच भोंगे, आणि त्यांच्या मागे हाताच्या अंतरावर दादा. सबंध लग्नसराई, वर्षामागून वर्षं. आधी डावा कान गेला, मग उजवा. मला कळलं ते असं, की मी त्याच्याशी आवाज काढून बोलले तर तो "काय?" म्हणायचा आणि ओठांनी बोलले तर लगेच उत्तर द्यायचा. एक दिवस मी ओठांनीच विचारलं, "तुला ऐकू येत नाही ना?" त्याने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुला कळलं तेवढं पुरे. चाचांना कळलं तर मैना दुसऱ्याच्या हातात देतील." कानाला मशीन लावायला तो तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या खोलीत, मी बसते त्या कोपऱ्यावर, एक बल्ब लावून दिला. उजेड माझ्या तोंडावर पडावा म्हणून. संध्याकाळी तबेल्यातून यायचा, समोरच्या भिंतीला टेकायचा, बल्ब लावायचा आणि म्हणायचा, "बोल बाय."

कामावर समोरच्याचे ओठ वाचून त्याचं निभावून जात होतं. डीजेचा दणका छातीत कळायचा. बाकी मैनाच्या मानेवर हात ठेवला की ताल कळतो म्हणायचा. जे कानांनी व्हायचं ते घोडी करत होती.

मग आमच्याच चाळीतल्या मुलाची वरात आली. त्यांना डीजे नको होता, साधा बँड सांगितला होता. त्याचा दणका छातीत पोचत नाही. घोडीला नाचवणारा माणूस घोडीकडे तोंड करून, मागे मागे पावलं टाकत चालतो. दादाची पाठ बँडकडे होती आणि तोंड आमच्याकडे, घोडीच्या मागे चालणाऱ्या बायकांकडे. समोरून एक प्रेतयात्रा आली. आमच्याकडे रीत आहे, अशा वेळी बाजा बंद करायचा, बाजूला व्हायचं. बँड थांबला. सगळे मान खाली घालून उभे राहिले. मैनाही थांबली. दादाला मात्र फक्त एवढंच कळलं की घोडी मध्येच उभी राहिली. त्याला वाटलं अडून बसली. त्याने लगाम ओढला आणि ओरडला, "हां मैना! हां!" त्या शांततेत तो आवाज केवढा मोठा वाटला... मी ओठांनी म्हणत होते, थांब, थांब. ओठ मिटणारा शब्द, त्याला लांबूनही दिसला असता. पण मधे घोडी होती, वर नवरा होता, आणि दादा मैनाकडे बघत होता. मैनाने त्याचं ऐकलं. पाय उचलले, घुंगरू वाजले, आणि प्रेतयात्रा अगदी जवळ आलेली असताना ती मागच्या पायांवर उभी राहिली.

गेलेल्या माणसाचा मुलगा खांदा सोडून आला आणि त्याने दादाच्या थोबाडीत मारली. त्याचा राग मी समजू शकते. मग आणखी दोन-चार हात पडले. नवऱ्याला कुणीतरी खाली उतरवलं. कुणीतरी ओरडलं, "प्यालाय साला!" दादाला ते ऐकू गेलं नाही, पण दिसलं. ओठ मिटणारा शब्द तो. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "चुकलं. थोडी घेतली होती." मी पुढे झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा गर्दीत मोठ्याने बोलणार होते. दादाने एवढ्या माणसांतून मला पाहिलं आणि ओठ हलवले, "बोलू नको." तेही लांबून स्पष्ट कळणारं.

घरी आल्यावर मी रडले. म्हणाले, खरं सांगितलं असतं तर लोकांनी माफ केलं असतं. तो म्हणाला, "माफ केलं असतं, पन घोडी न्हाय दिली असती. वर नवरा बसलेला असतो बाय. बहिऱ्याच्या हातात कोन लगाम देतो? दारुड्याचं काय, तो उद्या सुधारेल असं लोकांना वाटतं. बहिरा काय सुधारतो?"

चाचांनी त्याला काढलं नाही. पण ते पाचवेळचे नमाजी, दारूचा वासही न सोसणारे. त्यानंतर प्रत्येक वरातीला निघायच्या आधी तबेल्याच्या दारात ते म्हणायचे, "मुँह खोल, दामू." दादा लहान मुलासारखा आ करायचा. चाचा वाकून वास घ्यायचे आणि खांद्यावर थाप मारायचे, "चल, जा." इतर घोडेवाले बघत असायचे. दादाचे केस पांढरे झाले तरी हे चालू होतं. मला सांगताना तो हसायचा, "घोडी घेताना दात बघतात ना, तसं चाचा माझं बघतात. अजून ईकला न्हाय, ठेवलाय मला." मी हसत नव्हते.

यंदा दम लागायला लागला. इतक्या वर्षांचा भुसा आणि धूळ छातीत बसली होती. दवाखान्यात त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. माझं बोलणं त्याला दिसत होतं. म्हातारी मैना चंदी खाते का, तिचा दुखरा पाय बरा आहे का, हे तो डोळ्यांनी विचारायचा आणि मी ओठांनी सांगायचे. पण त्याचे ओठ झाकलेले होते. शेवटच्या सकाळी मी निघाले तेव्हा त्याने माझा हात धरला आणि मास्कच्या आत काहीतरी म्हणाला. आवाज उरला नव्हता. ओठ मिटलेले दिसले, ब असावा, आणि लगेच मास्क वाफेने पांढरा झाला. बोल म्हणाला, की बोलू नको? दोन्हीची सुरुवात एकच. मी त्याला म्हटलं, संध्याकाळी मास्क काढतील तेव्हा सांग. त्याने हात सोडला.

गेल्या आठवड्यात मी तबेल्यात गेले. चाचा आता फार थकलेत. खाटेवर बसले होते. त्यांनी दादाचा टॉवेल आणि मैनाला घासायचा खरारा माझ्या हातात दिला. त्याच्या दातांत पांढरे केस अडकलेले होते. चाचा म्हणाले, "हीरा आदमी था बेटी. बस वो एक ऐब... अल्लाह माफ करे." मी नेहमीसारखी मान हलवणार होते. ओठ हलले, पण चाचा काही लूमवरचे नाहीत, त्यांना वाचता येत नाही. मग घशातून आवाज निघाला. माझा मलाच तो ओळखीचा वाटला नाही.

"चाचा, दादा पीत नव्हता. त्याला ऐकू येत नव्हतं."

"क्या नहीं आता था?"

"ऐकू. दोन्ही कानांनी. त्या वरातीच्याही आधीपासून."

मैनाने शेपटीने माश्या उडवल्या. चाचा म्हणाले, "तो उस दिन... मैना को नशे में नहीं नचाया था?"

"नाही चाचा. मैना थांबली होती. दादाला कळलं नाही."

"और मैं इतने साल उसका मुँह..." चाचा भिंतीला धरून उठले, माझ्या हातातला खरारा परत घेतला आणि मैनाजवळ गेले. घासायला हात उचलत नव्हता. कपाळ तिच्या पाठीला टेकून ते तसेच उभे राहिले. मी टॉवेल घेऊन निघाले.

परवा तिकडून कुणीतरी सांगितलं की चाचा तेव्हापासून तबेल्याच्या दारात बसत नाहीत. वरात निघते तेव्हा आत जाऊन बसतात. मी बोलले ते बरं केलं का, मला माहीत नाही. ज्याला विचारायचं तो मास्कच्या आत काय म्हणाला तेही माहीत नाही.

संध्याकाळी कारखान्यातून आले की मी माझ्या कोपऱ्यात बसते आणि बल्ब लावते. समोरच्या भिंतीवर दादाची पाठ टेकून टेकून रंग गेलेला आहे. तिकडे तोंड करून मी दिवसभराचं सांगते, आवाज न काढता. वैशाली स्वयंपाक करता करता म्हणते, "आई, तिथं कोणी नाही, बल्ब कशाला जाळतेस?" मी तिला ओठांनीच म्हणते, राहू दे. तिला ते वाचता येत नाही.