गुरुजींना शेवटी ठेवलं तेव्हा

रविवार, १९ जानेवारी, संध्याकाळी पाच. परभणी, वाचनालयाचा वरचा हॉल. हजर: मी, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यालयातली अधीक्षक आणि या मासिक बैठकीची निमंत्रक, वाचनालयाचे अध्यक्ष, मोबाईलचं दुकान चालवणारे आमचे तबलजी, पेडगावचे गुरुजी, नेहमीचे तीस-बत्तीस श्रोते. आणि यादीत नसलेले नऊ पाहुणे.

वर्षभर आम्ही दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी बसत होतो. एका बैठकीत एक रचनाकार. बंदिश कुणी बांधली, तो माणूस कुठल्या दरबारात होता, त्याचं पोट कशावर चालायचं, हे मी मोठ्या अक्षरांत एका पानावर लिहायचे आणि झेरॉक्स वाटायचे. मग स्पीकरवर तीच बंदिश दोनदा, एकदा सलग आणि एकदा थांबवत थांबवत. इथल्या लोकांनी मैफली कमी ऐकलेल्या नाहीत. पण अंतऱ्यात येणारं नाव अनेकदा बांधणाऱ्याचं टोपणनाव असतं, हे पहिल्या बैठकीत सांगितलं तेव्हा एक निवृत्त तलाठी उठून म्हणाले, "म्हंजे इतकी वर्षं आमी त्याला देवाचं नाव समजायलोत की!" सगळे हसले. पुढच्या महिन्यात खुर्च्या कमी पडल्या.

शेवटची बैठक आपल्याच जिल्ह्यातल्या रचनाकाराची ठेवली. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता शिकवता ख्याल शिकले आणि चार बंदिशी त्यांनी आपल्या बोलीत बांधल्या. भीमपलासीतली 'ऊन उतरायलं, चल गं घराला' ऐकून मी विचारलं होतं, अंतऱ्यात तुमचं नाव का नाही?

"आपल्या वस्तीचं नाव बुवालोक गातेल का, बाई? नावापायी बंदिश अडकून पडायची."

डिसेंबरात त्यांच्या स्वरयंत्रात गाठ निघाली. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, संभाजीनगरला भरती व्हायचं आणि गुरुवारी ऑपरेशन. स्वरयंत्र काढावं लागणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून ठरलं ते इतकंच: चारही बंदिशी त्यांनी लोकांसमोर एकदा गायच्या आणि मी रेकॉर्ड करायच्या. आधी घरीच करून घेऊ, असं मी सुचवलं होतं. त्यांना ते पटलं नाही. "गळ्यात एका बैठकीपुरतं उरलंय. ते भिंतीपुढं कशाला घालवू?"

कार्यक्रमपत्रिका मी केली. ती पाहून गुरुजी म्हणाले, "बाई, मला आधी घ्या."

"असं कसं? मैफलीत सगळ्यात मोठा शेवटी गातो. मीच वर्षभर लोकांना सांगत आलेय."

"बघा. कारेक्रम तुमचा हाय."

पाच ते पावणेसहा माझं बोलणं, पावणेसहा ते पावणेआठ गुरुजी, आठला वाचनालय बंद. पत्रिकेत याखेरीज एकही ओळ नव्हती. माझं बोलणं संपताना अध्यक्ष नऊ जणांना घेऊन वर आले. मागून शालींचा गठ्ठा आणि श्रीफळांची पिशवी.

"मॅडम, दोनच मिनिटं. समारोप हाय, मोठी माणसं आलीत. सत्कार उरकून घेऊ."

मी अडवलं नाही. हे लिहून ठेवते. वर्षात एकही बैठक न ऐकलेल्या नऊ जणांचा सत्कार झाला आणि प्रत्येकजण त्याला उत्तर द्यायला उभा राहिला. एकाने आपल्या आईचा आवाज किती गोड होता ते सांगितलं. एकाने रस्ता रुंदीकरणाची हकीगत सांगितली. संगीताला भाषा नसते, हे सांगायला एकाला बारा मिनिटं लागली, आणि समोर बोलीत बंदिशी बांधणारा माणूस मफलर गुंडाळून बसलेला. तबलजी माझ्या कानाशी म्हणाले, "ताई, तबला उतरला. आता मी बी उतरायलोय खाली."

गुरुजींच्या हाती माईक आला तेव्हा साडेसात झाले होते. छोटा आलाप, मग भीमपलासी. अंतऱ्यात आवाज फाटला. ते थांबले, गरम पाणी प्याले, अंतरा पुन्हा घेतला. दुसऱ्या बंदिशीची स्थायी झाली आणि शिपाई खिडक्या लावू लागला. अध्यक्ष शाल घेऊन पुढे आले. "गुरुजी, एक नंबर! बाकीचं पुढच्या वेळी निवांत ऐकू."

ऑपरेशनचं अध्यक्षांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

टाळ्या पडल्या. गुरुजींनी हात जोडले, जय भीम म्हटलं आणि माईक खाली ठेवला. जिन्यात मी म्हणाले, माझ्या घरी चला, आत्ता बसू. त्यांच्या गळ्यातून नुसती हवा आली. "संपलं, बाई."

पेपरात फोटो आला, ज्येष्ठ गायकाचा सत्कार म्हणून. रचनाकार हा शब्द बातमीत कुठेही नव्हता. गुरुवारी ऑपरेशन नीट झालं. जीव वाचला.

आता दर दुसऱ्या शनिवारी मी पेडगावला जाते. गुरुजी पेटीवर वाजवतात, मी स्वरलिपी लिहिते. पहिली बंदिश रेकॉर्ड झाली होती; दुसरी अशी लिहून पुरी झाली. तिसरी मालकंसात आहे आणि तिचा सगळा जीव मींडेत आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं ते पेटीवर निघत नाही. गुरुजी बोट हवेत ओढून दाखवतात, मी गाऊन बघते, ते पाटीवर लिहितात: नाही. मागच्या खेपेला सहाव्यांदा 'नाही' आल्यावर त्याखाली त्यांनी लिहिलं, "कारेक्रमाच्या याद्या मात्र तुमी लय चांगल्या करता." ते हसत होते का, मला कळलं नाही. मी पाटी पुसून परत दिली.

गाणाऱ्या दोघांना फोन केले. एकाने बंदिश कुठल्या घराण्याची ते विचारलं आणि नंतर फोन उचलला नाही. दुसऱ्या बाई उन्हाळ्यानंतर बघू म्हणाल्या. तिसरीचा अंतरा कागदावर आहे. तो गुरुजींसमोर गाऊन त्यांच्याकडून होकाराची मान मिळवेल असं कुणीतरी गाणारं पेडगावला न्यायचं आहे. चौथीला अजून हात लावलेला नाही.