सेडी गिलिसच्या घराण्यातलं लोह

कॅनडातल्या आमच्या केप ब्रेटन बेटावर कुणी दमलेलं दिसलं की त्याच्यापुढे माराग येतो. रक्त, ओटचं पीठ नि चरबी आतड्यात भरून उकडायची, मग तव्यावर खरपूस परतायची. सेडी गिलिसच्या हातचा माराग खाऊन मेलेला उठून नाचेल, असं आम्ही म्हणायचो. म्हणून तिचा धाकटा भाऊ रॉरी, आमच्या नाचांना फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवणारा, त्या हिवाळ्यात गळून गेला तेव्हा तिनं रोज माराग सुरू केला. वर, रक्त कमी पडलं असेल म्हणून, लोहाचं टॉनिक.

रॉरी काही सावरेना. पहिल्या दोन बोटांचे सांधे सुजले आणि फिडल खुंटीला लागली.

"रंग तर फ्लोरिडाच्या उन्हात रापून आल्यासारखा चढलाय," सेडी म्हणायची.

"मग जिना चढताना धाप का लागते?" रॉरी विचारायचा.

"ताटात टाकतोस ना मेल्या, म्हणून!"

शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टर बुद्रोबाईंनी रक्त तपासलं. लोह कमी नव्हतंच, भलतंच जास्त होतं. त्या म्हणाल्या, "रक्तात लोह सुटं फिरत नाही. एक प्रथिन त्याला धरून नेतं. त्याला दोनच हात, प्रत्येक हातात लोहाचा एक कण. ते हात भरले की उरलेलं लोह यकृतात नि सांध्यांत जाऊन बसतं."

"म्हणजे नाचात जोड्या लागल्या, की उरलेले कोपऱ्यात बसून दंगा घालतात, तसं?" रॉरी म्हणाला.

"अगदी तसंच."

सेडीला हसू आलं नाही. "मीच भरवलं हो त्याला."

"मारागानं थोडी भर पडली असेल. पण मूळ दोष आईबापांकडून येतो. यकृत अजून वाचेल. घरात आधी कुणाला होतं?"

आमच्याकडे माणूस ओळखतात तो बाप-आज्याच्या नावांनी. सेडीनं डोळे मिटून नावांची माळ ओढली. "रॉरी, अँगसचा. अँगस, गोऱ्या जॉनचा..." ती थबकली. "गोरा जॉन मेला तेव्हा तांब्यासारखा दिसत होता. आणि आमचा बाबा यकृतानं गेला. थेंबाला शिवला नव्हता, तरी गाव त्याला दारुडा म्हणालं."

दुसऱ्या दिवसापासून ती चुलत भावंडांची दारं ठोठावत सुटली.

"आयुष्यभर रक्त खायला घातलंस, आता काढायला नेतेस?" थोरला चुलतभाऊ हेक्टर कुरकुरला.

"मीच घातलं, मीच काढवणार. कोट चढव!"

त्याच्यात आणि त्याच्या मुलीतही तो दोष निघाला, पण यकृताला धक्का लागायच्या आत. रक्ताबरोबर साठलेलं लोहही कमी होतं, म्हणून रॉरीचं तर दर आठवड्याला पिशवीभर रक्त काढत राहिले. हळूहळू तोंडावरचा तांबूसपणा गेला, जिना चढता येऊ लागला. यकृत वाचलं. बोटं मात्र पुरती सुधारली नाहीत.

उन्हाळ्यातल्या पहिल्या नाचाला त्यानं फिडल हनुवटीखाली धरली. जलद सूर जमेनात, म्हणून बापाची संथ चाल घेतली.

"कुणाची गं ही चाल?" नव्यानं गावात आलेल्या एका बाईनं विचारलं.

सेडी पदार्थांच्या टेबलामागून पुढे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अँगसची. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या अँगस गिलिसची."