मिठातले शेंडे

मी तेव्हा नागपूरला वनस्पतिशास्त्र शिकत होते. शिंगाड्याच्या वेलीच्या शेंड्यावर पान कसं निघतं, हा माझा विषय. स्पिरिटात ठेवलेले शेंडे हटकून आकसत. सरांनी सांगून टाकलं, या खेपेला जिवंत शेंडे आणा, नाहीतर विषय बदला. पोळा झाल्यावर शिंगाड्याच्या तळ्यांकडे, चिमूरच्या बाजूला निघाले.

आता चिमूरला आरामात पोचता, पण एकोणीसशे पन्नासच्या दशकात मोटारीनं हाडं खिळखिळी व्हायची आणि पुढं बैलगाडी. तळ्याकाठच्या गावात कौतिकाबाईंकडे उतरले. घर ढिवरांचं, मासेमारी आणि शिंगाड्याची वेल यांवर चाललेलं. पहिल्याच जेवणात भात, झणझणीत मासे आणि अंबाडीची भाजी. असं जेवण मी नंतर कुठंच जेवले नाही.

शेंडा खुडला की वेल तिथंच थांबते, शिंगाडे कमी लागतात. तरी बाई तळ्यात होडीसारख्या डोंग्यात बसून स्वतःच्या वेलीचे खुडत होत्या.

"पुरे हो बाई, तुमचं नुकसान होतंय."

"तुले लागतेत ना? मंग घे. काऊन लाजून राह्यली?"

मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्यांनी पुरचुंडी बांधून ठेवली. चिमूरला मोटारीची वाट पाहताना उघडून बघितली, तर शेंड्यांना मीठ चोळलेलं. वाटेत नासू नयेत म्हणून, मासळीला लावतात तसं! मी तिथंच रडायला लागले. विषय गेला, दुसरं काय?

नागपुरात सरांनी एक शेंडा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला बोलावलं. मीठ आतपर्यंत पोचलं नव्हतं. आतल्या पेशी टम्म, बाहेरच्या मिठानं पाणी सुटून आकसलेल्या, आणि आकसल्या तिथं शेंड्याला घडी पडलेली. सर म्हणाले, "पान फुगून निघतं हे खरं, पण त्याच्या बुडाशी घडी पडते, तिथल्या पेशी जिवंतपणीही आखडत असतील का?" मी तोवर नुसती वाढच मोजत बसले होते. विषय राहिला, आणि पुढं तोच माझा जन्मभराचा झाला.

पुढच्या साली पुन्हा गेले. सगळं सांगितलं, तर बाई आधी ओशाळल्या.

"मले का ठाव! मंग यंदा मीठ लावू का नाई?"

"अर्ध्यांना लावा," म्हटलं, "आणि अर्धे तसेच द्या."

त्यांनी लगेच डोंगा काढला. घरी काकडीला मीठ लावून ठेवते आणि ती पाणी सोडते, तेव्हा मी अजून मनातल्या मनात त्यांच्या पाया पडते.