एका लिटरला एक पळी

घराला कुलूप लावलं की मी ते तीनदा ओढून बघतो. गॅसचं बटण बंद केलं की एकदा परत फिरून बघतो, मग जिन्यातून पुन्हा वर येऊन बघतो. बायकोने यावर चिडणं कधीच सोडून दिलंय. ती चप्पल घालून जिन्यात उभी राहते आणि म्हणते, "तुमच्या प्रदक्षिणा झाल्या की निघू." ऑफिसात तर मी पक्का माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. हा पक्केपणा कुठून आला ते मी वीसेक वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. माझा मोठा भाऊ, दादा, मला एकदा विचारून गेला होता, "ऑइल टाकलंस का रं?" आणि मी म्हणालो होतो, "व्हय, टाकलं."

टाकलं होतं की नाही, ते मला आठवत नाही.

दादाची गाडी दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक होती, तिसऱ्या हाताने घेतलेली. तेव्हाची पोरं तिला रेसर म्हणायची. तो चार गल्ल्या पलीकडे असला तरी तिच्या आवाजावरून आईला कळायचं आणि ती तव्यावर भाकरी टाकायची. अशा गाडीच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, त्याच्यावरच आतले पिस्टन सुखाने वरखाली होतात. हिचा ऑइलचा पंप म्हातारा होऊन गेला होता, म्हणून आम्ही हातानेच मिसळायचो. माप म्हणून दादाने आईची पितळी तेलाची पळी उचलून आणली होती. एका लिटरला एक पळी. मग टाकीचं झाकण लावायचं आणि गाडी दोन्ही बाजूंना गदागदा हलवायची, म्हणजे ऑइल तळाशी बसत नाही. आई करवादायची, "माझी फोडणी चमच्यानं चाललीय, अन् हिला पितळेच्या पळीनं वाढतायत!"

ते वर्ष दुष्काळाचं होतं. आमची कॉलनी शहराच्या अगदी कडेला होती. घरामागे ज्वारीचं रान होतं आणि त्या साली त्यात ज्वारीही नव्हती. नळ नुसते फुसफुसायचे. टँकर यायचा तो कधी येईल याचा नेम नसायचा. त्याचा हॉर्न वाजला की हातातलं काम टाकून ड्रम घेऊन पळायचं, ही घरातली एकमेव शिस्त. उशीर झाला तर पुढचे चार दिवस शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं.

त्या सकाळी दादाला कन्नडला जायचं होतं, एका नोकरीची चौकशी करायला. तो तांब्याभर पाण्यात दाढी उरकत होता आणि मी दारातल्या ओट्यापाशी कॅनमधून टाकीत पेट्रोल ओतत होतो. दोन लिटर. पळी ओट्यावर होती, ऑइलचा डबा तिच्या शेजारी. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. पळी हातात घेतल्याचं मला आठवतं, ड्रम घेऊन पळाल्याचं आठवतं. मधलं आठवत नाही. पाइपसाठी हाणामारी चालू असतानाच दादा गाडी घेऊन कोपऱ्यावर आला, एक पाय टेकवून थांबला, त्याने तो प्रश्न विचारला आणि मी मान वर न करता उत्तर दिलं. माझा ड्रम भरत आला होता, मला त्याचीच खुशी होती.

कन्नडच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर तो पडला. मागून ट्रक येत होता. रस्तारुंदीची खडी कडेला पडली होती, तिच्यावरून गाडी घसरली असं सगळे म्हणाले आणि तेच कायम झालं. मी गप्प बसलो. ऑइल नसलं की पिस्टन तापून सिलिंडरला पकडतो, मागचं चाक जागीच जाम होतं आणि गाडी माणसाला फेकून देते, हे मला माहीत होतं. मला शिकवलं होतं दादानेच.

त्या संध्याकाळी घरात माणसं मावत नव्हती आणि मी ओट्यावर पळी शोधत होतो. ती ऑइलने माखलेली आहे की कोरडी, एवढंच मला बघायचं होतं. पळी तिथे नव्हती. कुणाला विचारणार?

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते कचेरीत कारकून. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की निघतो, हे त्यांना दरवेळी विचारावं लागायचं. त्यांनी पोलिसांकडून गाडी टेम्पोत घालून आणली, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली, वर ताडपत्री बांधली आणि बजावलं, "हिला कुणी हात लावायचा नाही." मी मनातून सुटलो. गाडी उघडली जाणार नाही म्हणजे पिस्टन कुणी बघणार नाही. पुढे मला गंगापूरला नोकरी लागली आणि मी घरापासूनही सुटलो. सणावाराला यायचो. नाना माझ्याशी पावसापाण्याचं बोलायचे आणि बोलताना भिंतीकडे बघायचे. मला वाटायचं, दोघांतला चुकीचा उरला असं त्यांच्या मनात येत असणार.

मी नवी मोटरसायकल घेतली. ती फोर-स्ट्रोक, तिच्या पेट्रोलमध्ये काही मिसळावं लागत नाही. पण परत निघालो की नाना फाटकापर्यंत यायचे, गाडीचं मागचं कॅरियर दोन्ही हातांनी धरायचे आणि गाडी दोनदा हलवायचे. मी हसायचो. "नाना, हिला लागत नाय ते. तुमचं आपलं कायतरीच." ते पुढच्या वेळी पुन्हा हलवायचे.

दोन वर्षांपूर्वी नाना गेले. तोवर शहर आमच्या घरावरून पुढे निघून गेलं होतं. ज्वारीच्या रानात बारा मजले उभे राहिले, गल्लीत आमचंच एक बैठं घर उरलं आणि तेही बिल्डरला द्यायचं ठरलं. तोवर माझी बदली शहरात झाली होती. आई माझ्या फ्लॅटवर यायला तयार झाली, पण एका अटीवर. "ती गाडी बी येईल."

"आई, सोसायटीत बंद गाडी उभी करू देत नाहीत. भंगार म्हणतात त्याला."

"मग चालती कर," ती म्हणाली आणि वाटाणे सोलत राहिली.

मी ताडपत्री सोडली. उंदरांनी वायरिंग कुरतडलं होतं, सीटमधून काथ्या बाहेर आला होता, दोन्ही टायर रिंगला चिकटून बसले होते. रविवारच्या दुपारी मी व्हरांड्यात गोणपाट अंथरून बसायला लागलो. टाकीत मूठभर नट आणि डिझेल घालून ती तास तास खळखळवली, तेव्हा कुठे आतला गंज सुटला. कार्बोरेटर पेट्रोलमध्ये भिजवून सुईने साफ केले. चेन, ब्रेक, वायरिंग सगळं केलं. मुलाच्या जन्माच्या वेळीही मी इतका नेटाने राबलो नसेन, असं बायको म्हणाली. तिला काय माहीत की मी राबत नव्हतो, टाळत होतो. इंजिन सोडून सगळं काही करत होतो. काम करताना मान खाली असली की कोपऱ्यावर कुणीतरी एक पाय टेकवून थांबलंय असं वाटायचं. वर बघितलं तर कोपऱ्यावर मोबाइलचं दुकान.

सहाव्या रविवारी करायला दुसरं काही उरलं नाही. मी किकवर पाय ठेवून हळूच दाबली. ती लोण्यासारखी खाली गेली. पकडलेल्या इंजिनाची किक अशी जाते का? पाना घेतला आणि दोन्ही हेड काढले. आत पिस्टन चकचकीत, सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडासुद्धा नाही.

मी तिथेच फरशीवर बसून रडलो. हे लिहायला लाज वाटत नाही. वीसेक वर्षं मी ज्याला घाबरत होतो ते तिथे नव्हतंच. मी ऑइल टाकलं होतं. मी भावाला मारलं नव्हतं. बायकोला फोन करावा म्हणून उठलो, आणि जाता जाता फडक्याने पिस्टनचं डोकं पुसायला वाकलो. पुसायला तिथे काही नव्हतं. चाललेल्या इंजिनात काजळी असते आणि इथे तिचा ठिपकाही नव्हता. पिस्टनच्या डोक्यावर बारीक आकडा कोरलेला होता: पन्नास. सिलिंडर घासून मोठा केला की त्यात असा वाढीव मापाचा नवा पिस्टन घालतात. आणि सिलिंडर कुणी हौसेने घासत नाही.

सोमवारी ऑफिसला दांडी मारली आणि सिलिंडर पिशवीत घालून शहागंजला गेलो. तिथे बोअरिंगची, म्हणजे सिलिंडर घासून देणारी, जुनी दुकानं आहेत. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने सिलिंडर उलटा केला, कडेला ठोकलेली तीन टिंबं अंगठ्याने चाचपली आणि म्हणाला, "ये तो अपने हात का काम है." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. "सफेद शर्टवाले साब थे. आप उनके लड़के?"

मी मान हलवली.

"मैं खुद घर आया था खोलने. फिर बिठाने भी. बोले, लड़का गंगापूर में है, अभीच कर डालो." त्याने दुकानातल्या पोऱ्याला चहा सांगितला आणि आवाज खाली आणला. "दोनों पिस्टन पकड़े हुए थे. मैं बोला, साब, ये तो बगैर ऑइल के चली है. वो बोले, किसी को बोलना नक्को. घर में अभी एक और है."

चहा आला. मी तो प्यायलो की नाही, आठवत नाही. घरी येईपर्यंत एकच डोक्यात होतं. ज्या माणसाला स्क्रू कुठे फिरतो ते कळत नव्हतं, त्याने माझ्यासाठी इंजिन बदलून ठेवलं होतं. मी कधीतरी उघडणार आणि उघडल्यावर मला काही दिसता कामा नये, म्हणून. भिंतीकडे बघत बोलायचे ते यासाठी. चुकून माझ्याकडे बघितलं असतं तर मला कळलं असतं. आणि त्यांनी माझी गाडी हलवली की मी हसायचो! नाना, मी हसायचो हो.

पुढच्या रविवारी इंजिन बसवलं. आई व्हरांड्याच्या पायरीवर बसून बघत होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं. ती पंच्याहत्तरीची बाई, मुलगा गेला, नवरा गेला, आता घरही जाणार. उरलेल्या मुलाबद्दल हेही तिला कशाला ऐकवायचं? ते आता माझ्यापाशीच राहील आणि माझ्याबरोबर जाईल, असं मी ठरवून टाकलं होतं. कॅनमधून टाकीत पेट्रोल ओतलं. दोन लिटर. ऑइलच्या बाटलीचं सील फोडलं, पण पुढे ओतवेना. मी बाटली तशीच खाली ठेवली.

आई उठून आत गेली. स्वयंपाकघरातून डबे सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पितळी पळी होती, चिंचेने घासून लख्ख केलेली.

"ऑइल टाकलंस का रं?" तिने विचारलं.

मी नुसती मान हलवली. नाही.

"त्या दिशी तू टँकरकडं पळाला, अन् मीच वट्यावरून उचलली ही," ती म्हणाली. "मला काय ठावं, तुमचं व्हायचंय म्हणून. मला वाटलं झालं आसंल."

ती कोरडी होती का, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. आजवर मला वाटत होतं, हे ओझं घरात एकट्या माझं आहे. नानांनी ते उचललेलं होतं आणि आईकडे तिचं स्वतःचं निराळं होतं, पळी उचलल्याचं. एका घरात तिघं जण तीन बाजूंना तोंड करून ते वाहत होतो आणि एकमेकांशी पावसापाण्याचं बोलत होतो.

मी बाटली उचलली. तिने पळी पुढे धरली, मी ती भरली आणि तिने टाकीत ओतली. "एक," ती मोठ्याने म्हणाली. पुन्हा भरली. "दोन." मग पळी पदराला पुसून कमरेला खोचली आणि मागे जाऊन कॅरियर दोन्ही हातांनी धरलं.

"तू म्होरून धर," आई म्हणाली. "माझ्या एकटीच्यानं हलायची नाय."